पोटातली तार आणि जनावराचे हृदय



हृदयविकार म्हटला की आपल्याला माणूसच आठवतो. जनावराला कसला आला हृदयविकार, असे तुम्ही म्हणाल. माणसाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साठून त्या तुंबतात, तसा प्रकार गाईम्हशींत क्वचितच आढळतो, हे खरे. पण त्यांचेही हृदय निकामी होते, आणि त्याचे एक मोठे कारण आपल्याच गोठ्यात पडलेले असते. ते कारण म्हणजे तारेचा तुकडा, खिळा किंवा दाभण.

गाय चारा कसा खाते ते पहा. तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेने वैरणीचा घास ओढायचा, जेमतेम चावायचा आणि गिळायचा. रवंथ पुढे सावकाश चालते. या घाईत घासातली तार तिला कळतच नाही. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. गिळलेले लोखंड जड असल्यामुळे जाळीपोटात येऊन बसते. मधमाशीच्या पोळ्यासारख्या त्याच्या घरांत ते अडकते. आता हे जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा आवळते. बोथट वस्तू वर्षानुवर्षे पडून राहील, पण अणकुचीदार तार मात्र दर आवळण्याबरोबर भिंतीत रुतते. गाभणपणी पोटावर दाब वाढतो, विताना जनावर कुंथते, तेव्हा ती आणखी पुढे सरकते.

आणि पुढे काय आहे? श्वासपटलाचा पातळ पडदा, आणि त्याच्या पलीकडे काही बोटांच्या अंतरावर हृदय! हृदयाभोवती एक पिशवी असते. तार तिच्यात शिरली की बरोबर पोटातली घाण जाते, पिशवीत पू आणि पाणी साठते. बाहेरून असे दाबले गेल्यावर हृदय पुरते फुलणार कसे? ते फुलले नाही तर रक्त आत घेणार कसे? मग परत येणारे रक्त शिरांतच तुंबून राहते. धरणाची दारे लावली की मागे पाणी फुगते ना, तसेच हे!

पहिली लक्षणे नीट लक्षात ठेवा, कारण उपाय याच वेळी होतो. दूध एकाएकी आटते. खाणे आणि रवंथ मंदावते. जनावर पाठ कमानीसारखी करून, कोपरे बाहेर काढून उभे राहते. उतारावरून चालायला कुरकुरते, बसता-उठताना कण्हते. वशिंडाच्या मागे पाठीची कातडी चिमटीत धरून दाबा. निरोगी गाय पाठ खाली वाकवते, दुखणेकरी वाकवत नाही, उलट कण्हते.

हृदयापर्यंत इजा पोचली की मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरखंडासारख्या फुगतात. जबड्याखाली आणि पुढच्या दोन पायांमध्ये सूज उतरते. अंगठा दाबला तर मळलेल्या कणकेसारखा खळगा राहतो. ही सूज चिरू नका, डागू नका. आतले दुखणे डाग देऊन जात नाही. तेल वा काढे बळेच पाजू नका. ते श्वासनलिकेत गेले तर दुसरेच संकट ओढवते. घशाला सूज घटसर्पातही येते, पण तिथे ताप एकदम चढतो आणि श्वास घरघरतो. फरक ओळखणे डॉक्टरांचे काम आहे. त्यांना लवकर बोलवा.

वेळेवर कळले तर डॉक्टर औषधे देतात, पोटात लोहचुंबक सोडतात, किंवा शस्त्रक्रिया करून कोठीपोटातून हात घालून तार काढतात. पुष्कळ जनावरे त्यातून बरी होतात. पण शिरा फुगून सूज उतरल्यावर जनावर वाचणे फार कठीण असते. म्हणून "दोन दिवस वाट पाहू" हा विचार महागात पडतो.

त्याहून सोपे म्हणजे तार पोटात जाऊच न देणे. कुंपणाचे, छपराचे काम झाले की तुकडे मोजून उचला. कडब्याच्या गंजीजवळ तारा ठेवू नका. कडबाकुट्टीतून वैरण जिथे पडते तिथे चुंबक बसवा. टायर जाळाल तर आतल्या तारांचा भुगा राखेत मागे राहतो, हे विसरू नका. मोठ्या कालवडीला आधीच चुंबक देता येते, डॉक्टरांना विचारा. मात्र चुंबक धरते ते लोखंड. तांब्याची तार त्याला चिकटत नाही, म्हणून डोळ्यांची राखण हवीच.

गुरुजी, तुमच्या शाळेत चुंबकाचा धडा असतोच. पसाभर भुश्शात चार टाचण्या टाकून मुलांना चुंबकाने शोधायला लावा. मग तोच चुंबक काठीला बांधून त्यांना आपापल्या गव्हाणीत फिरवू द्या. हाती लागलेला एकेक खिळा म्हणजे टळलेले एकेक संकट समजा.