शंभर ग्रॅमचं सूत्र

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की मेळघाटाच्या सागवनात, सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. या भागातल्या अंगणवाड्यांत लेकरांची वजनं नोंदली जातात. मूल कोणत्या श्रेणीत बसतं ते पोषण ट्रॅकर अ‍ॅप सांगतं. पण अशाच नोंदी कुणाला स्वतःच्या एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये ताडून पाहायच्या असतील, तर शीट अडते. तिला बेरीज येते, सरासरी येते. लेकराच्या वाढीचं गणित येत नाही.

थोडा कोड लिहून ते तिला शिकवता येतं.

गणिताचा पाया आहे जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची वाढीची मानकं. सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून ती बनली. त्यात भारतातून दिल्लीची मुलं होती. दर महिन्याच्या वयाला, मुलगा आणि मुलगी वेगळे धरून, तीन आकडे दिलेले आहेत. त्यात वजन घातलं की ‘झेड स्कोअर’ निघतो, म्हणजे मूल त्या वयाच्या मध्यम वजनापासून किती दूर आहे ते कळतं. उणे २च्या खाली कमी वजन, उणे ३च्या खाली तीव्र कमी वजन.

१२ महिन्यांच्या मुलासाठी ते आकडे ०.०६४४, ९.६४७९ आणि ०.१०९२५. मधला आकडा म्हणजे त्या वयाचं मध्यम वजन, किलोत. मूल ७ किलो भरलं तर स्कोअर उणे २.९१, ६.९ भरलं तर उणे ३.०४. अवघ्या शंभर ग्रॅमनं श्रेणी बदलते. म्हणून काटा शून्यावर आहे ना, अंगावर जाड कपडे नाहीत ना, हे आधी पाहावंच लागतं. कितीही चांगला कोड ही चूक भरून काढणार नाही.

गूगल शीटमध्ये ‘एक्स्टेन्शन्स’मधून ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’ उघडायचं, फंक्शनला नाव द्यायचं आणि लिंग, वय, वजन घेऊन स्कोअर परत देणाऱ्या काही ओळी लिहायच्या. मग बेरजेच्या सूत्रासारखंच ते नाव बरोबरच्या चिन्हापुढे टाकायचं आणि खाली ओढत न्यायचं. एक्सेलमध्ये हेच काम ‘व्हीबीए’ ही त्यातलीच कोडची भाषा १९९३पासून करते, आणि तेही नेटशिवाय. डोंगरातल्या गावांसाठी ही मोठी सोय आहे.

एक ओळ मात्र विसरू नये. आईबाप मजुरीला बाहेरगावी गेले की त्या महिन्याचं वजन राहून जातं. रिकामा रकाना कोड शून्य किलो समजतो आणि वरच्या १२ महिन्यांच्या मुलाला स्कोअर देतो उणे १४२. त्यामुळे पहिलीच अट अशी लिहावी: वजन नसेल तर आकडा देऊ नको, ‘वजन घेतलेलं नाही’ असं दाखव. मग कोणत्या घरी पुन्हा जायचं, ते यादीतच दिसतं.