पाण्यात बुडूनही कोरडी राहणारी माशी

कॅलिफोर्नियातील मोनो सरोवराच्या काठी उन्हाळ्यात काळसर पट्टा दिसतो. जवळ गेले की पट्टा हलतो, कारण तो माश्यांचा असतो. माणूस त्यांतून चालू लागला की त्या बाजूला होऊन वाट देतात, अंगावर बसत नाहीत आणि चावतही नाहीत. मार्क ट्वेनने १८७२ साली त्यांची गंमत लिहून ठेवली होती: पाण्याखाली दाबून धरा, सोडल्यावर कोरड्याठणठणीत वर येतात.

ही माशी इफिड्रिडी कुळातली. द्विपंखी गणातील या कुळात सुमारे दोन हजार जाती असून फळमाशी म्हणून प्रयोगशाळेत गाजलेली ड्रोसोफिला त्यांची जवळची नातलग. काठावरच्या माश्या असे त्यांचे सर्वसाधारण नाव असले, तरी ते फसवे आहे. एका जातीच्या अळ्या लॉस एंजेलिसच्या नैसर्गिक डांबराच्या डबक्यांत वाढतात. हायड्रेलिया वंशातील काही जाती भाताची कोवळी पाने कुरतडतात, तर त्याच वंशातील भारतातून नेलेली एक माशी १९८७ मध्ये फ्लोरिडात हायड्रिला या पाणवनस्पतीचा नाश करण्यासाठी मुद्दाम सोडली गेली. एकाच वंशात पिकाचा शत्रू आणि तणाचा शत्रूही!

मोनोच्या माशीची करामत मात्र वेगळी. सरोवराचे पाणी समुद्राहून दोन-तीन पट खारट, शिवाय त्यात धुण्याचा सोडा विरघळलेला. आपल्या लोणारसारखेच क्षारयुक्त. सोड्यामुळे हे पाणी कीटकाच्या केसांत सहज शिरते आणि साधी माशी त्यात पडली तर चिंब भिजते. मोनोच्या माशीच्या अंगावर मात्र दाट केस असून त्यांवर मेणाचा थर असतो. तिच्याभोवती हवेचा बुडबुडा तयार होतो, फक्त डोळे उघडे राहतात. मग ती नखांनी दगड पकडत खाली उतरते, शेवाळ खाते आणि अंडी घालते. अळीकडे तर शरीरात आलेला कार्बोनेट चुन्याच्या रूपात साठवणारी ग्रंथी आहे. २०१७ मध्ये वॅन ब्रुगेल आणि डिकिन्सन यांनी या बुडबुड्याचे रहस्य उलगडले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली: पाण्यावर सनस्क्रीनचा तवंग असेल, तर हीच माशी भिजून बुडते.

पण तिच्यावरचे मोठे संकट शहराच्या नळातून आले. १९४१ पासून लॉस एंजेलिसने सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी वळवले. १९८२ पर्यंत पातळी सुमारे ४५ फूट खाली गेली आणि खारटपणा दुप्पट झाला. शरीरातले मीठ बाहेर टाकण्यातच अळीची शक्ती खर्ची पडू लागली की ती खुरटी राहते, कमी जगते. या माश्यांवर आणि खाऱ्या कोळंबीवर लक्षावधी स्थलांतरित पक्षी पोसतात. इथले मूळ रहिवासी कुत्झाडिका लोकही तिचे कोष वाळवून खात आले आहेत.

न्यायालयीन लढाईनंतर १९९४ मध्ये राज्याच्या जल मंडळाने पातळी समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत चढू देण्याचा आदेश दिला. त्याला तीस वर्षे उलटली, तरी पाणी त्या खुणेपर्यंत पोहोचले नव्हते.