आश्रय : कृपा कीं हक्क?

डोंबिवलीजवळच्या मानपाड्याहून कल्याण ओलांडून पुढें गेलें, म्हणजे उल्हासनगर लागतें. आज तेथें गजबजलेले बाजार आहेत. १९४७ सालीं तेथें महायुद्धकाळांतील लष्करी छावणीच्या बराकी उभ्या होत्या. फाळणीमुळें सिंध सोडावा लागलेलीं कुटुंबें त्या बराकींत उतरलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें.

या मंडळींना सारेच निर्वासित म्हणत. परंतु कायद्याच्या दृष्टीनें तीं परकीं नव्हतीं. राज्यघटनेच्या सहाव्या कलमान्वयें, ठराविक अटी पुऱ्या होतांच, तीं भारताचीं नागरिक ठरलीं. १९५० च्या कायद्यानें मागें राहिलेल्या मिळकतींचे दावे तपासले गेले व १९५४ च्या कायद्यानें भरपाईची सोय झाली. हे सर्व कायदे घर गमावलेल्या नागरिकाचे होते. आश्रय मागणाऱ्या परदेशीयाचे नव्हते.

तसे परदेशीयही महाराष्ट्रानें पाहिले आहेत. १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश लोक राहत होते. त्यांत स्त्रिया व मुलेंच अधिक. त्यांना निवारा मिळाला, तो राज्यकर्त्यांच्या परवानगीनें.

परवानगी आणि हक्क यांतील हें अंतर १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें कमी केलें. जेथें जिवास वा स्वातंत्र्यास धोका आहे, तेथें आश्रितास परत धाडूं नये, हें त्याचें मुख्य तत्त्व. अवघ्या २१ चौरस किलोमीटरांच्या नौरू बेटानें २०११ सालीं तो करार स्वीकारला व २०१२ सालीं आपला कायदा केला. तेथें अर्ज नाकारला गेल्यास अपील करतां येतें. मात्र ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर अडविलेले अनेक आश्रयार्थी त्याच बेटावर वर्षानुवर्षें खितपत पडले. तेव्हां नुसता कायदा पुरेसा नसतो, हेंही खरें.

भारतानें त्या करारावर सही केलेली नाहीं. १९४६ च्या परदेशीयांच्या कायद्याची जागा २०२५ सालीं नव्या कायद्यानें घेतली. तरी आश्रिताचा दर्जा ठरविणारा स्वतंत्र कायदा झाला नाहीं. कांहीं समूहांस सवलती मिळतात, त्या सरकारी हुकुमानें. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं चकमा लोकांच्या प्रकरणांत, नागरिक असो वा नसो, प्रत्येकाच्या जीविताचें रक्षण करणें हें राज्याचें कर्तव्य आहे, असा निर्वाळा दिला. तेवढा आधार मोठाच आहे.

तथापि कल्याणच्या बराकींतील कुटुंबाला आपला दावा मांडण्यास कायद्याचें दार होतें. सीमा ओलांडून आलेल्या परक्याला अद्याप बहुधा हुकुमाचीच वाट पाहावी लागते.