व्हिडिओ-निर्मितीचे प्राथमिक शिक्षण : सामूहिक प्रकल्पाची पद्धती

चित्रण, ध्वनिमुद्रण आणि संकलन ही तीनही कामे आज खिशात मावणाऱ्या एका मोबाइलवर होऊ शकतात. त्यामुळे व्हिडिओ-निर्मितीचे प्राथमिक शिक्षण विद्यार्थ्याने एकट्याने घ्यावे की गटाने, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. पुरेशी साधने नाहीत म्हणून गट करावयाचे, अशी एक समजूत आढळते. तिचा विचार करू जाता असे दिसून येते की, सहकार्य हा या शिक्षणातील नाइलाज नसून त्याचा गाभाच होय.

या पद्धतीस जुनी परंपरा आहे. मॉस्को येथे १९१९ साली राज्य चित्रपट-विद्यालय स्थापन झाले. तेथील कार्यशाळेत लेव्ह कुलेशोव यांना कच्च्या फिल्मच्या टंचाईस तोंड द्यावे लागले. तेव्हा विद्यार्थी छोटे प्रसंग बसवीत आणि दृश्यांच्या तुकड्यांप्रमाणे विभागून रंगमंचावर सादर करीत. ‘फिल्मविना चित्रपट’ या नावाने हे प्रयोग ओळखले जातात. पुढे दिग्दर्शक म्हणून ख्याती पावलेले पुदोव्हकिन याच कार्यशाळेतील होत. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर, पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या वास्तूत १९६० साली सुरू झालेल्या चित्रपट-संस्थेतही दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी व संकलन या शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन पदविका-चित्रपट तयार करतात.

सहकार्याचे मर्म एखाद्या लहान प्रकल्पातून स्पष्ट होईल. पुण्याच्या तांबट आळीतील एका कारागिराची तीन मिनिटांची मुलाखत चार विद्यार्थ्यांनी तयार करावयाची आहे, असे समजू. एकाकडे दिग्दर्शन, दुसऱ्याकडे कॅमेरा, तिसऱ्याकडे ध्वनी व चौथ्याकडे संकलन, अशी वाटणी झाली. कारागीर दाराशी उजेडात बसून बोलतो व आत दिव्याखाली काम करतो. कॅमेऱ्याचे रंगसंतुलन स्वयंचलित ठेवले, तर एका दृश्यात तांबे लालसर व दुसऱ्यात पिवळट दिसण्याचा संभव असतो. कॅमेरा हाताळणाऱ्यास हा दोष त्या वेळी जाणवत नाही. दोन दृश्ये शेजारी ठेवणाऱ्या संकलकास तो प्रथम जाणवतो. प्रश्नकर्ता व कारागीर यांना जोडणारी कल्पित रेषा कॅमेऱ्याने मध्येच ओलांडली, तर समोरासमोर बसलेली ती दोन माणसे पडद्यावर एकाच दिशेस पाहताना दिसतात. हा घोटाळाही संकलनाच्या मेजावरच उघडकीस येतो.

ध्वनीची गोष्ट याहून नाजूक आहे. मोकळ्या जागेत मायक्रोफोन बोलणाऱ्यापासून दुप्पट अंतरावर नेला, की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. शेजारच्या हातोड्यांचा ठणठणाट मात्र तेवढाच राहतो. नंतर आवाज वाढवावा, तर ठणठणाटही वाढतो. शिवाय भारतात प्रचलित असलेल्या पद्धतीप्रमाणे सेकंदास २५ चौकटी धरल्या, तर एका चौकटीचा काळ ४० सहस्रांश सेकंद होतो. ध्वनीस सुमारे १४ मीटर अंतर कापण्यास तेवढाच काळ लागतो. सारांश, दुरून टिपलेला हातोड्याचा घाव दिसतो आधी आणि ऐकू येतो मागाहून. मायक्रोफोन जवळ नेल्याने हे दोन्ही दोष टळतात. पण जवळ नेलेला मायक्रोफोन चौकटीत शिरू नये, याविषयी कॅमेरा सांभाळणाऱ्याशी आधी बोलणे करावे लागते. हे बोलणे हाच खरा पाठ होय.

संकलकाच्या गरजाही अशाच इतरांनी आधी भागवावयाच्या असतात. प्रत्येक दृश्याच्या आरंभी व अखेरीस काही सेकंद जादा हवेत. मुलाखतीतील तोड झाकण्यासाठी हात, ऐरण, भांडी यांची जवळून घेतलेली दृश्ये हवीत. आणि कोणी बोलत नसतानाचा त्या जागेचा ध्वनी निदान एक मिनिटभर मुद्रित केलेला हवा. ज्याने एकदा स्वतः संकलन केले आहे, त्याला ही यादी पाठ करावी लागत नाही.

येथेच या पद्धतीतील धोकाही सांगितला पाहिजे. गटातील एखादा निष्णात विद्यार्थी सर्व कामे स्वतःकडे घेतो, चित्रफीत उत्तम होते आणि उरलेले तिघे सामान वाहण्यापलीकडे काही शिकत नाहीत. यावर उपाय म्हणजे भूमिकांचा पालट. चार लहान प्रकल्पांत प्रत्येकाने चारही कामे करावीत व प्रत्येक वेळी पहिले, कच्चे संकलन सर्वांनी एकत्र बसून पाहावे. दोष कोणाचा, यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर उद्भवला व कोठे प्रकट झाला, याची नोंद ठेवावी. गुणदान करताना तयार चित्रफितीइतकेच या नोंदींस महत्त्व द्यावे.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने तर हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. कारागीर आपल्या हत्यारांची व क्रियांची नावे सांगतो, तेव्हा त्या शब्दांचे उच्चार, आघात आणि त्यांबरोबर होणारी हाताची हालचाल यांचे एकत्र साधन अभ्यासकास लाभते. कारागिराची संमती घेऊन केलेली अशी मुलाखत ठणठणाटात बुडाली, तर ती पुन्हा मिळेलच असे नाही. वृद्ध कारागिराच्या बाबतीत तर ती बहुधा मिळत नाही. आपल्या हातून झालेली चूक दुसऱ्याच्या हाती गेल्यावर भरून निघत नाही, ही जाणीव एकट्याने काम करणाऱ्यास उशिरा होते. गटात ती पहिल्याच प्रकल्पात होते, आणि तीच या शिक्षणाची खरी पहिली पायरी होय.