पाण्याखालचा पहिला श्वास

वडनेरहून समुद्र फार दूर. खोल पाणी म्हणजे आपल्याला विहिरीचे ठाऊक, नाहीतर पुरातल्या वणेचे. तेव्हा समुद्राच्या तळाविषयी बोलावयास कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे तुम्हांस वाटेल. गेल्या हिवाळ्यात जिनिंगमधल्या चार सोबत्यांसह आम्ही मालवणला गेलो आणि जिला ‘स्कूबा’ म्हणतात ती डुबकी मारून आलो. चौघांपैकी दोघांना पोहता येत नव्हते.

शिवाजीमहाराजांनी १६६४ साली बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर पोवळी आहेत. १९८७ साली मालवणचा हा समुद्र अभयारण्य ठरला. पाणी उथळ असल्याने नवख्याला येथे फार खोल जावे लागत नाही. पोवळे म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. अंगाभोवती चुन्याचे घर बांधणाऱ्या चिमुकल्या जीवांची ती चाळच होय. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि भाडे म्हणून त्यातले बरेचसे घरमालकाला देते. पाणी फार तापले की हा भाडेकरू बाहेर पडतो, पोवळे पांढरेफटक होते आणि तसेच राहिले तर मरते. यावर पाय देऊ नये, नावेचा नांगर टाकू नये, हे वेगळे सांगावयास नको.

आता पाठीवरच्या नळकांड्याविषयी. त्यात प्राणवायू असतो ही चुकीची समजूत. असते ती तुमचीआमची साधी हवा, दाबून भरलेली. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि अशा दाबाखाली छातीला वरची हवा ओढून घेता येत नाही. म्हणून भोवतीच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाने तोंडात हवा सोडणारी झडप हवी. ती कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली सिद्ध केली. यातूनच पहिला नियम निघतो: श्वास कधीही रोखू नये. दहा मीटरवर भरून घेतलेली छाती तशीच वर आणली, तर आतली हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटते. खाली जाताना कान दुखू लागले की नाक चिमटून हलकेच फुंकावे. सर्दी असेल तर उतरूच नये. आमच्यातल्या एकाने हे ऐकले नाही आणि पुढे दोन दिवस त्याचा कान ठणकत होता. आणखी एक गंमत: आपण शाबासकीला अंगठा वर करतो, पण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. आमच्या एका सोबत्याने खुशीत अंगठा दाखविला आणि त्याची डुबकी तिथेच संपली!

हे शास्त्र फुकट मिळालेले नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर सेंट लुईस येथे पूल बांधताना, १८७० च्या सुमारास, तळ नसलेल्या पेट्या नदीत उतरवून, त्यांत दाबाची हवा भरून मजूर पाया खणीत. पाळी संपवून वर येताच कुणाचे सांधे आखडत, कुणाचे पाय लुळे पडत. डझनाहून अधिक मजूर दगावले. दाबाखाली हवेतला नत्रवायू रक्तात मुरतो आणि दाब एकदम सुटला की सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे उठतात. पुढे हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून, किती टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरचे यंत्र त्याच पायावर उभे आहे.

आमची डुबकी उथळ आणि थोडक्या वेळाची, म्हणून आम्हांस हे भय जवळजवळ नव्हते. परंतु ज्या पोराने मागून आमचे नळकांडे धरून आम्हांस खाली नेले, तोच लगेच दुसऱ्याला घेऊन उतरला, मग तिसऱ्याला. वारंवार वरखाली करणाऱ्याच्या अंगात नत्रवायूची शिल्लक साचत जाते, कानांना विसावा मिळत नाही. पाहुण्यांची पोहता न येण्याची भीतीही तोच दिवसभर वाहतो. दिवसाला किती फेऱ्या होतात, असे आम्ही त्याला विचारले. ‘मोजता कोण, काका?’ असे हसून म्हणत तो नावेवर चढला.

तुम्ही गेलात तर भाव ठरविण्याआधी हा आकडा विचारा. नावेवर आणीबाणीसाठी प्राणवायू आहे का, हेही विचारा. पावसाळ्यात समुद्र खवळला की डुबक्या बंद असतात. त्या महिन्यांत या पोरांच्या पगाराचे काय होते, हे विचारावयाचे मात्र आमच्याकडून राहून गेले.