‘सल्लेखना’ : कृशतेचा खरा अर्थ

अत्यंत रोड देहाला मराठीत ‘हडकुळा’ म्हणतात. त्यात ‘हाड’ स्पष्ट दिसते. संस्कृतातील ‘कृश’ हा शब्द क्षीण होणे या अर्थाच्या ‘कृश्’ धातूपासून आला. जैन परंपरेचा ‘सल्लेखना’ हा शब्दही कृशतेचाच. ‘सत्’ म्हणजे सम्यक्, ‘लेखना’ म्हणजे खरवडून पातळ करणे, धातू ‘लिख्’. आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त काया आणि कषाय या दोहोंची लेखना सांगितली आहे. १९५५ साली कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागर महाराजांनी हेच व्रत घेऊन देह ठेवला. पर्वातील उपवासांनी शरीर उतरते, ते डोळ्यांना दिसते. क्रोध, मान, माया, लोभ किती उतरले, हे मात्र ज्याचे त्यानेच पाहावे.