एक औषध की दोन?

घरातील सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीस फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, की कुटुंबीयांना पहिली शंका येते : या वयात केमोथेरपी सोसवेल का? याच शंकेपोटी वृद्ध रुग्णांस दीर्घकाळ एकच औषध देण्याकडे डॉक्टरांचा कल असे.

गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. एका औषधास दाद न देणाऱ्या पेशी दुसऱ्याने नष्ट होऊ शकतात. म्हणून वेगवेगळ्या प्रकारे काम करणारी औषधे एकत्र दिली जातात. मात्र त्यासोबत दुष्परिणामही वाढतात. ते वृद्ध शरीरास पेलतील का, हे चाचणीनेच कळते.

फ्रान्समधील अशा एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. फुप्फुसाचा कर्करोग बळावलेले, ७० ते ८९ वर्षे वयाचे ४५१ रुग्ण तीत होते. एका गटास व्हिनोरेल्बिन किंवा जेमसिटाबिन यांपैकी एकच औषध, तर दुसऱ्यास कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही जोडी दिली गेली. पहिल्या गटातील निम्मे रुग्ण ६.२ महिन्यांहून अधिक जगले. दुसऱ्या गटात हा काळ १०.३ महिने होता. वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा सुमारे २५ आणि ४५ होते.

या लाभाची किंमतही मोजावी लागली. रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याचे प्रमाण एका औषधाने शेकडा सुमारे १२, तर जोडीने ४८ होते. उपचारामुळे झालेले मृत्यूही जोडीच्या गटात अधिक होते. शिवाय, हे रुग्ण स्वतःची दैनंदिन कामे करू शकणारे होते, हे विसरू नये. अंथरुणास खिळलेल्या रुग्णास हे आकडे लागू होत नाहीत.

तेव्हा केवळ जन्मतारखेवरून निर्णय घेऊ नका. रुग्णाचे चालणे-फिरणे, वजन, मूत्रपिंड व हृदयाची स्थिती आणि चालू असलेली इतर औषधे यांची माहिती कर्करोगतज्ज्ञांस द्या. आज लक्ष्यवेधी औषधे व इम्युनोथेरपी हेही पर्याय आहेत. त्यासाठी गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी आवश्यक आहे का, हे विचारा. केमोथेरपी सुरू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि रुग्णाचे मत अवश्य घ्या. काही महिने अधिक मिळावेत म्हणून किती त्रास सोसायचा, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.